उंदराचें पोट व मामांची गोळी

गेल्या माघांत आम्ही आमच्या आजोळीं, आटपाडीस, चार दिवस राहावयास गेलों होतों. आटपाडी हें सांगली जिल्ह्याच्या उत्तर अंगाचें, माणदेशांतलें गांव. पाऊस येथें पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच घाईनें निघून जातो. अलीकडे टेंभू योजनेमुळें कृष्णेचें पाणी या मुलखांत पोंचलें आहे व डाळिंबाच्या बागांनीं माळ हिरवा दिसूं लागला आहे. तरी बाजरीची भाकरी, हुलग्याचें माडगें व मिरचीचा खर्डा हेंच येथील मूळचें अन्न. पूर्वीं हा भाग औंध संस्थानांत मोडे. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं १९३९ सालीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला, आणि त्याच वर्षीं मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्यानें आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसवून गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांस बेड्यांवांचून व भिंतींवांचून शेतीस लाविलें. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या बोलपटामागें हीच हकीकत होती. तेव्हां ‘प्रयोग’ हा शब्द आटपाडीकरांस नवा नाहीं. परंतु आमच्या मामांच्या घरीं या खेपेस ज्या प्रयोगावरून वाद माजला होता तो अगदीं निराळ्या जातीचा होता.

मामांचें घर भरलेलें आहे. मामा-मामी, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें, शिवाय आल्यागेल्याचा राबता. मामा शाळेंतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. वय आतां ७८. तीन वर्षांपूर्वीं एके पहाटे त्यांस डांबरासारखें काळें शौच झालें, अंगास दरदरून घाम सुटला व ते न्हाणीच्या दाराशींच बसकण मारून राहिले. थोरल्या मुलानें त्यांस तसेंच गाडींत घालून मोठ्या गांवच्या रुग्णालयांत नेलें. घशांतून नळीची दुर्बीण घालून पाहतां जठराच्या पुढें लागणाऱ्या आंतड्याच्या पहिल्या भागांत, म्हणजे ग्रहणींत, व्रण होऊन त्यांतून रक्त वाहत असल्याचें दिसलें. गुडघेदुखीसाठीं मामा कित्येक महिने दुकानांतून परस्पर गोळ्या आणून खात होते. शिवाय तपासणींत पोटांत जंतूही आढळले. रक्त दिलें, औषधें दिलीं, चौदा दिवसांचा जंतुनाशक क्रम झाला व मामा वांचले. तेव्हांपासून सकाळीं पूजेस बसण्यापूर्वीं आम्ल कमी करणारी एक गोळी ते नेमानें घेतात. संध्या एखादे वेळीं चुकेल, पण गोळी चुकत नाहीं.

थोरल्या मुलाची मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत शिकते. तिला प्रबंधासाठीं जो विषय सुचविण्यांत आला तो नेमका हाच. एखाद्या वनस्पतीचा अर्क जठरांतील आम्ल कमी करतो किंवा काय, व व्रणापासून पोटाचें रक्षण करतो किंवा काय, हें पांढऱ्या उंदरांवर अजमावून पाहावयाचें. तिनें आजोळच्या नव्हे, आपल्याच घरच्या धान्यांतून हुलगा निवडला. हें वर्तमान मामींच्या कानीं गेलें आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरांत अबोला सुरू झाला.

आम्ही जेवावयास बसलों त्या रात्रीं मामींनीं तो अबोला आपणहून मोडला. “तूंच सांग रे हिला,” त्या आम्हांस म्हणाल्या, “या घरांत काकबळी काढल्यावांचून पान वाढीत नाहींत. मुंगीच्या वारुळाला साखर घालणारें घर हें. आणि ही गणपतीच्या वाहनाचें पोट फाडणार! त्याला शिक्षण म्हणावयाचें?”

पोरीचे डोळे भरून आले, पण ती गप्प बसली नाहीं. “आजी, आजोबा रोज सकाळीं जी गोळी घेतात ती आकाशांतून पडली का? माझ्या आधीं कोणीतरी तें पाप केलें म्हणून आज आजोबा पाटावर बसले आहेत.”

मामा इतका वेळ ताटाकडे पाहत होते. ते हळूच म्हणाले, “तुम्ही दोघीही खरें बोलतां. पण खरें काय तें मला कोणी नीट सांगेल काय? ती गोळी माझ्या पोटांत जाण्यापूर्वीं कोणाच्या पोटांत गेली होती?”

त्या रात्रीं ओसरीवर जें बोलणें झालें तें, आणि घरीं परतल्यावर पुस्तकें चाळून आम्हीं त्यांत जी भर घातली ती, अशीं दोन्ही वाचकांपुढें ठेवितों. ज्या घरांत एखादें वडील माणूस अशी गोळी घेत नाहीं असें घर आज विरळाच.

आम्ल हा शत्रु नव्हे

आमच्या वैद्यांस हा विकार जुना परिचयाचा आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथांत अम्लपित्तास स्वतंत्र प्रकरण दिलें आहे, व अन्न पचूं लागलें म्हणजे उठणाऱ्या कळेस तेथें परिणामशूल असें नांव आहे. परंतु पोटांतील तें आंबट द्रव्य नेमकें कोणतें, हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२४ सालीं दाखवून दिलें. तें हायड्रोक्लोरिक आम्ल. रसायनशाळेंतील बाटलींत असतें तेंच, मात्र पुष्कळ विरळ.

त्याच्या अगोदर दोन वर्षें, १८२२ सालीं, अमेरिकेंतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुणास अगदीं जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्यास वांचविलें. पण जखम भरून येतांना पोटास एक भोंक कायमचें राहून गेलें. बोमाँट यानें रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून त्या भोंकांतून जठरांत सोडावे व ठराविक वेळानें ओढून पाहावे, असें अनेक वर्षें केलें आणि १८३३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे या शास्त्रांतील प्रयोगाचा पहिला मोठा ‘प्राणी’ उंदीर नव्हता, कुत्राही नव्हता. तो एक गरीब, जखमी माणूस होता. हें मामींस सांगतांच त्या चपापल्या.

निरोगी माणसाच्या जठरांत रोज सुमारें दोन लिटर रस सुटतो. त्यांतील आम्लामुळें अन्नांतील मांसद्रव्यें फुटूं लागतात व अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतु मरतात. मग तेंच आम्ल जठरास कां खात नाहीं? जठराच्या आंतल्या अंगास चिकट बुळबुळीत द्रव्याचा व क्षाराचा लेप असतो. आम्ल एकीकडे व हा लेप दुसरीकडे, असा हा तराजू आहे. लेप दुबळा झाला किंवा आम्लाचा जोर वाढला म्हणजे अस्तर झिजतें व व्रण पडतो. आम्लच नसेल तर असा व्रणही नसावयाचा, हें सूत्र कार्ल श्वार्त्झ यानें १९१० सालीं मांडलें, व त्यानंतर सारे शोधक एकाच वाटेस लागले. आम्ल कमी कसें करावें?

उंदरावर करितात तें काय?

आम्ल कशानें वाढतें हें जाणण्यासाठीं प्रथम कुत्रीं वापरण्यांत आलीं. रशियांतील इव्हान पाव्हलाव यानें कुत्र्याच्या जठराचा एक लहान कप्पा निराळा करून त्यांत शुद्ध रस जमविला व अन्न नुसतें पाहिल्यानें, हुंगल्यानें देखील रस सुटतो हें दाखविलें. १९०४ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. १९२० सालीं पोपिएल्स्की यानें कुत्र्यास हिस्टामीन हें द्रव्य टोंचलें असतां जठरांत आम्ल ओसंडूं लागतें असें नोंदविलें. हें हिस्टामीन आपल्या सर्वांच्या शरीरांत असतें. त्याचें काम पुढें येईलच.

उंदराचा प्रवेश ठळकपणें झाला तो १९४५ सालीं. अमेरिकेंतील हॅरी शे व त्याचे सहकारी यांनीं एक साधी रीत प्रसिद्ध केली, व ती आजही जगभर, आपल्या महाराष्ट्रांतील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही, चालू आहे. उंदरास ठराविक काळ उपाशी ठेवितात, पाणी मात्र देतात. मग भूल देऊन पोट उघडतात, जठराच्या खालच्या तोंडास दोरा बांधितात व पोट पुन्हा शिवून टाकितात. रसास पुढें वाट न राहिल्यानें तो जठरांतच सांचतो. नुसता रस मोजावयाचा असेल तर सुमारें चार तासांनीं, व्रण पडूं द्यावयाचे असतील तर अधिक वेळानें, प्राण्यास मारून जठर बाहेर काढितात. रस किती सांचला तें मोजतात, थेंब थेंब क्षार घालून त्याची आम्लता ठरवितात, व जठर उभें चिरून भिंगाखालीं व्रण मोजतात. बहुधा सहा-सहा उंदरांचे गट असतात. एका गटास नुसतें पाणी, एकास पूर्वीं सिद्ध झालेलें औषध, व बाकीच्यांस नवें द्रव्य कमी-अधिक मात्रेंत. याखेरीज ॲस्पिरिनसारखीं वेदनाशामकें पाजून, मद्यार्क पाजून, किंवा थंडींत जखडून ठेवूनही व्रण उत्पन्न करितात.

हें सर्व आम्हीं आडपडदा न ठेवतां सांगितलें, कारण ज्याचा लाभ घ्यावयाचा त्याची किंमत ठाऊक असावी. मामींनीं पदर डोळ्यांस लाविला. नातीनें मान खालीं घातली. मामांनीं मात्र मास्तरांस शोभेल असा प्रश्न केला: “उंदराचें पोट व आमचें पोट एकच काय?”

एकच नव्हे. उंदराच्या जठराचा एक मोठा भाग नुसत्या कातडीसारख्या अस्तराचा असतो. त्यांत रस सुटत नाहीं, अन्न सांठविण्याचें तें कोठार. माणसास असा भाग नाहींच. आणि शे याच्या रीतीनें व्रण पडतात ते मुख्यतः याच भागांत! शिवाय उंदरास वांती करितां येत नाहीं. तेव्हां उंदराच्या पोटांत जें दिसलें तें सर्व माणसास जसेंच्या तसें लावूं गेल्यास फसगत व्हावयाची.

गोळी कशी जन्मास आली

असें असूनही उंदरानें एकदां फार मोठी वाट दाखविली, आणि त्यांत आपल्या देशच्या एका विद्वानाचा हात आहे. एम. एन. घोष यांनीं एच. ओ. शिल्ड यांच्याबरोबर १९५८ सालीं एक रीत प्रसिद्ध केली. उंदरास संपूर्ण भूल द्यावयाची, त्याच्या जठरांतून कोमट सौम्य द्रव सतत वाहूं द्यावयाचा, व बाहेर येणाऱ्या द्रवाची आम्लता यंत्रानें क्षणोक्षणीं नोंदवावयाची. यामुळें एकाच बेशुद्ध प्राण्यावर आम्ल केव्हां चढलें, औषध देतांच केव्हां उतरलें, हें डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. घोष हे पुढें पांडेचरीच्या जिपमेर संस्थेंत प्राध्यापक होते, व प्रायोगिक औषधशास्त्रावरील त्यांचें पुस्तक आपल्याकडील विद्यार्थी अजूनही वापरितात. आमच्या भाचीनें तें आपल्या पिशवींतून काढून दाखविलें तेव्हां मामांस मोठें कौतुक वाटलें.

इंग्लंडमधील जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीच रीत हातीं घेतली. त्यांचा तर्क असा होता. सर्दी-पित्तावर देतात तीं हिस्टामीनविरोधी औषधें जठरांतील आम्लास मुळींच आवरीत नाहींत. तेव्हां जठरांत हिस्टामीनचें कुलूप निराळें असलें पाहिजे, आणि त्याची किल्लीही निराळी. १९६४ पासून ते खटपट करीत होते. सुमारें सातशे द्रव्यें बनवून पाहिल्यावर बुरिमामाइड हातीं आलें व १९७२ सालीं त्यांनीं हें दुसरें कुलूप जगापुढें मांडलें. परंतु तें औषध पोटांतून घेतल्यास अंगीं लागेना. पुढचें मेटिआमाइड चांगलें लागू पडलें, पण त्यानें कांहीं रुग्णांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या. तिसरें सिमेटिडीन, तें १९७६ सालीं इंग्लंडांत बाजारांत आलें. तोंपर्यंत ज्यांचें जठर कापून काढावें लागे असे असंख्य रोगी शस्त्रावांचून बरे होऊं लागले. ब्लॅक यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रॅनिटिडीन हें याच कुळांतलें. तें आपल्याकडे घरोघर चालत असे. पण त्यांत अपायकारक अशुद्ध द्रव्य आढळल्याचें २०१९ सालीं उघडकीस आलें, व २०२२ सालीं आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादींतून तें वगळण्यांत आलें. उंदराची परीक्षा उतरली म्हणजे औषधाची परीक्षा संपली असें नव्हे, हें यावरून ध्यानीं येईल.

उंदीर जेथें चकले

मामा घेतात ती गोळी पँटोप्रॅझोलची. ओमेप्रॅझोलची ती धाकटी बहीण. आम्ल जठरांत सोडणारा जो अखेरचा पंप, तोच ही बंद करिते. हा पंप कसा चालतो तें डुकराच्या जठरांतील पेशींचीं पटलें काढून कांचेच्या नळींत पाहण्यांत आलें. त्यासाठीं जिवंत प्राण्याचें पोट फाडण्याची गरज पडली नाहीं.

परंतु ओमेप्रॅझोलची कथा ऐकण्यासारखी आहे. स्वीडनमधील हेसले या संस्थेनें त्याच्या अगोदरचें एक द्रव्य कुत्र्यांस दिलें, तेव्हां कांहीं कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांस दाह झालेला आढळला. काम थांबण्याच्या बेतास आलें. मग ध्यानांत आलें कीं ज्यास औषध दिलेंच नव्हतें अशाही एका कुत्र्यास तोच विकार आहे! पुढें १९८४ सालीं दुसरें संकट. जन्मभर मोठ्या मात्रेनें ओमेप्रॅझोल दिलेल्या उंदरांच्या जठरांत गांठी झाल्याचें दिसलें व माणसांवरील चाचण्या थांबविण्यांत आल्या. कसून शोध करतां उलगडा झाला. आम्ल फारच दडपलें म्हणजे शरीर गॅस्ट्रिन नांवाचा रस वाढवून जठरास जागें करूं पाहतें, आणि त्या वाढलेल्या गॅस्ट्रिननें उंदराच्या कांहीं पेशी फाजील वाढतात. गांठीचें कारण औषध साक्षात् नव्हतें. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या व १९८८ सालीं औषध बाहेर आलें. त्यानंतर कोट्यवधि माणसांनीं तें घेतलें आहे. उंदराच्या एका इशाऱ्यानें हें औषध कायमचें पेटींत बंद व्हावयाचें, तें थोडक्यांत वांचलें.

याहून मोठी चूक दुसऱ्या बाजूस झाली. अर्धें शतक शोधक उंदरांत दोरा बांधून, औषध पाजून, थंडींत ठेवून व्रण पाडीत राहिले. पण माणसाच्या बहुतेक व्रणांचें मूळ उंदरांत नव्हतेंच. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांस १९८२ च्या सुमारास व्रणाच्या रुग्णांच्या जठरांत एक वळणदार जंतु सांपडला. त्याचेंच नांव हेलिकोबॅक्टर पायलोरी. एवढ्या आम्लांत जंतु जगेल हें कोणास पटेना. मार्शल यानें डुकराच्या पिलांस लागण करून पाहिली, ती लागेना. अखेर १९८४ सालीं त्यानें जंतूंनीं भरलेला पेला स्वतःच पिऊन टाकिला. थोड्याच दिवसांत त्यास मळमळ व वांत्या होऊं लागल्या, व दुर्बिणीनें जठराचा दाह सिद्ध झाला. २००५ सालीं दोघांस नोबेल मिळालें. या विद्येचा आरंभ एका जखमी माणसाच्या पोटापासून झाला, आणि तिची मोठी गांठ सुटली तीही एका माणसानें आपलें पोट पुढें केलें म्हणून.

मामी एवढ्यावर म्हणाल्या, “हा मनुष्य मला आवडला. दुसऱ्याच्या जिवावर नाहीं उदार झाला.”

हुलग्याची साक्ष

आतां पोरीच्या हुलग्याकडे वळूं. फ्रँक टोवी नांवाचे एक इंग्रज शस्त्रवैद्य १९५० नंतर कित्येक वर्षें म्हैसूरच्या मिशन रुग्णालयांत होते. ग्रहणीचे व्रण दक्षिणेंतील भात खाणाऱ्या लोकांत फार, व उत्तरेंतील गहू आणि भरड धान्यें खाणाऱ्यांत कमी, असें त्यांस आढळून आलें. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनींही रेल्वेच्या नोकरांची पाहणी करून १९६४ सालीं असाच भेद नोंदविला होता. जंतु तर दोहोंकडेही सारखेच पसरलेले; मग अन्नांत कांहीं रक्षक असेल काय? ए. पी. जयराज व टोवी यांनीं निरनिराळीं धान्यें व कडधान्यें उंदरांस देऊन पाहिलीं, आणि जीं अधिक रक्षण करणारीं ठरलीं त्यांत अग्रभागीं होता तो हुलगा, म्हणजेच कुळीथ! त्याचा गुण त्यांतील स्निग्ध अंशांत आहे असेंही त्यांनीं दाखविलें. कच्च्या केळ्याविषयींही अशीच नोंद आहे. काशीच्या विद्यापीठांतील संन्याल व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं तें प्राण्यांवर पाहिलें, आणि १९८४ सालीं इंग्लंडमध्यें झालेल्या कामांत कच्चें भाजीचें केळें उपयोगी ठरलें, पिकलेलें ठरलें नाहीं.

माणदेशच्या माडग्याची ही साक्ष ऐकून घरांत आनंद झाला. परंतु आम्हांस येथें थांबून एक गोष्ट बजावावी लागली. उंदरास जें लागू पडलें तें माणसाचा व्रण बरा करील असें त्यावरून ठरत नाहीं. त्यासाठीं माणसांवर नीट योजलेली परीक्षा हवी. माडगें अन्न म्हणून उत्तम. औषध म्हणून त्याच्या भरंवशावर गोळी टाकून देणें हा आत्मघात.

आणि भाचीस आम्हीं विचारिलें, “हुलग्याचा प्रश्न उंदरांस एकदां विचारून झाला आहे. तोच प्रश्न पुन्हा विचारून तूं नवें काय मिळविणार?”

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “काका, हें मला आधीं कळावयास हवें होतें.”

निर्णय

आपल्याकडे प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास मनाई करणारा कायदा १९६० सालचा आहे, व प्रयोगांसंबंधींचे नियम १९९८ सालीं झाले. त्यांप्रमाणें संस्थेच्या समितीची संमति घेतल्यावांचून प्राण्यास हात लावितां येत नाहीं. प्राणी किती लागतील व कां, हें अगोदर लिहून द्यावें लागतें. रसेल व बर्च या दोघा इंग्रजांनीं १९५९ सालीं तीन सूत्रें सांगितलीं, तीं या नियमांचा पाया होत. प्राण्यावांचून भागत असेल तर तसें भागवावें. भागत नसेल तर संख्या कमींत कमी ठेवावी. आणि जो वापरावा त्यास कमींत कमी वेदना व्हाव्या. औषधांचे कायदेही आतां बदलत आहेत. अमेरिकेनें २०२२ च्या अखेरीस, व भारतानें २०२३ सालीं, नव्या औषधासाठीं प्राण्यांऐवजीं मानवी पेशींवरील व तत्सम परीक्षा ग्राह्य धरण्याची मोकळीक दिली. तरी संबंध शरीरांत औषध कोठें जातें, यकृत व मूत्रपिंड यांवर काय परिणाम करतें, हें सर्व नळींत कळत नाहीं. म्हणून प्राण्यांचे प्रयोग आजच्या आज बंद पडतील असें म्हणणें हा भाबडेपणा; आणि ते होतात म्हणून डोळे मिटून होऊं द्यावे हा निष्ठुरपणा.

दुसऱ्या दिवशीं भाचीनें आपल्या अध्यापकांस सविस्तर पत्र लिहिलें. कसायाकडे मिळणाऱ्या बोकडाच्या जठराच्या अस्तरांतून तो आम्लाचा पंप निराळा काढतां येतो. शिजविलेल्या हुलग्यांतील कोणता अंश त्यास आवरतो, किंवा मुळींच आवरीत नाहीं, हें प्रथम नळींत पाहावें, व त्यांत कांहीं निघालें तरच उंदरांचा विचार करावा, अशी तिची विनंति होती. मामींनीं बोकडाचें नांव ऐकून कानांवर हात ठेविले. “आजी, तो बोकड माझ्या प्रबंधासाठीं मरत नाहीं,” असें पोरीनें म्हणतांच त्या थोड्या निवळल्या. मग म्हणाल्या, “आणि पुढें उंदीर लागलेच, तर किती गेले तो आंकडा पुस्तकांत लिही. पहिल्या पानावर लिही. लपवूं नकोस.” अध्यापकांनीं पुढें ही योजना मान्य केल्याचें आम्हांस पत्रानें कळलें.

निघण्याच्या दिवशीं मात्र एक गोष्ट अशी निघाली कीं आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. मामा आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, “एक विचारूं? सकाळची गोळी घेतों म्हणून दुपारीं गुडघ्याची ती जुनी गोळी अधूनमधून घेतों. कवच आहे म्हटल्यावर भीति कसली?” मामींस याचा पत्ता नव्हता! ज्या विषानें तीन वर्षांपूर्वीं प्राण कंठाशीं आले होते तेंच पुन्हा, व कोणासही न विचारतां. आम्हीं त्यांस तसेच डॉक्टरांकडे नेलें. वेदनाशामक गोळ्या जठराचा तो रक्षक लेपच उत्पन्न होऊं देत नाहींत. आम्ल घटविलें म्हणून धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं, असें त्यांनीं समजावून दिलें. गुडघ्यासाठीं व्यायाम, शेक व निराळें सौम्य औषध ठरलें. जंतु खरोखर गेले काय याची तपासणी ठरली. आणि ते गेले असतील व दुखण्याची गोळी सुटली असेल तर सकाळची गोळीही हळूहळू कमी करितां येईल असें ते म्हणाले. ही गोळी वर्षानुवर्षें घेत राहिल्यास ब जीवनसत्त्वांतील बारावें व मॅग्नेशियम हीं शरीरांत कमी पडूं शकतात. म्हणून ती चालू ठेवणें व बंद करणें हीं दोन्हीही वैद्याच्या सल्ल्यानेंच व्हावींत.

वाचकहो, आपापल्या घरांतील औषधाचा डबा आज उघडून पाहा. वडील माणसें कोणती गोळी किती दिवस व कोणाच्या सांगण्यावरून घेतात याची विचारपूस करा. काळें शौच, रक्ताची वांती, कारणावांचून वजन घटणें, गिळतांना अडखळणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास आम्लाची गोळी देऊन वाट पाहत बसूं नका. तसेंच वैद्य गांठा. वारंवार पोट दुखत असेल तर जंतूंची तपासणी करून घ्या.

त्या गोळीमागें पाव्हलावचीं कुत्रीं आहेत, शे याचे उंदीर आहेत, भोंक पडलेल्या पोटाचा सेंट मार्टिन आहे. त्यांचें ऋण आपल्या माथीं आहे. तें फेडणें आपल्या हातीं नाहीं. पण एवढ्या मोलानें मिळालेली वस्तु खडीसाखरेसारखी तोंडांत टाकूं नये, इतकें तरी आपल्या हातीं खास आहे. आम्ही निघालों तेव्हां मामी काकबळीचें पान घेऊन अंगणांत उभ्या होत्या, आणि मामांच्या खिशांतील ती दुपारची गोळी त्यांनीं काढून घेतली होती.